तीन शब्दांची दरी



जन्मभर इतिहास शिकविलेल्या माणसाला एक खोड जडते. एखादा शब्द कानीं पडला कीं त्याचें मूळ गांव विचारल्यावांचून त्याला चैन पडत नाहीं. आपल्या मराठी बोलण्यांत नित्य येणारे दोन परके शब्द घ्या. एक 'डॉलर' आणि दुसरा 'रेडियम'. परदेशीं नोकरीस गेलेल्या मुलाच्या पगाराची गोष्ट निघाली कीं पहिला शब्द माजघरांत येतो. दुसरा तर आपणांस रस्त्यावर भेटतो. रिक्षाच्या पाठीवर रात्रीं चमकणाऱ्या चिकटपट्टीला आपण खुशाल रेडियम म्हणतों. तींत खऱ्या रेडियमचा कणही नसतो, ही गोष्ट निराळी. एक शब्द पैशाचा, दुसरा शास्त्राचा. या दोहोंचें एकमेकांशीं कांहीं नातें असेल असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु हे दोन्ही शब्द ज्या मालामुळें जगाच्या तोंडीं बसले, तो माल एकाच दरींतून, एकाच डोंगराच्या पोटांतून वर आला. त्या दरीनें तिसराही एक शब्द दिला आहे. तो आपल्या कानांवर आलेला नाहीं. त्याची ओळख मी त्याच्या जागीं करून देईन.

ही दरी आज चेक प्रजासत्ताकांत आहे. कार्लोवी व्हारी या नामांकित स्नानक्षेत्राच्या उत्तरेस सुमारे २० किलोमीटरांवर, जर्मनीच्या सरहद्दीला लागून, डोंगरांची एक लांबच लांब रांग आहे. चेक लोक तिला क्रुश्ने होरी म्हणतात. जर्मन लोक एर्ट्सगेबिर्गे, म्हणजे खनिजांचे डोंगर, म्हणतात. या रांगेच्या दक्षिण उतारावर एका अरुंद घळींत याखिमोव नांवाचें लहानसें गांव आहे. आज त्याची वस्ती तीन हजारांच्या आंत आहे. असल्या जुन्या खाणगांवांतून हल्लीं वाटाड्याबरोबर ऐतिहासिक फेरी करण्याचा प्रघात पडला आहे. याखिमोवची तशी एक फेरी मीं एका वाटाड्या बाईंच्या मागोमाग केली, आणि आज आपणां सर्वांस मी त्याच वाटेनें घेऊन जाणार आहें. त्याबरोबरच अशी फेरी कशी करावी, वाटाड्याचें बोलणें कोणत्या कानानें ऐकावें, याविषयींही थोडें बोलावयाचें आहे.

आपल्याकडे गड पाहावयास गेलेल्या मंडळींचा अनुभव आठवा. तट कोणीं बांधविला, दरवाजाशीं कोण पडला, राजसदरेवर कोण बसला, हें वाटाड्या घडाघडा सांगतो. पण खडकांत खोदलेल्या पाण्याच्या टाक्याशीं आलें, म्हणजे तें कोणीं खोदलें हें तो सांगत नाहीं. आपणही विचारीत नाहीं. गडाच्या बाबतींत ही उणीव एक वेळ चालून जाईल. खाणगांवाच्या बाबतींत ती चालणार नाहीं. कारण खाणगांव म्हणजे सारें खोदणेंच. तट-बुरुज तेथें नसतातच. म्हणून अशा गांवीं शिरतांना तीन प्रश्न बरोबर घेऊन जावे. खालून वर काय आलें? तें कोणाकडे गेलें? आणि जे खालीं उतरले त्यांचें काय झालें? पहिल्याचें उत्तर वाटाड्या न विचारतां देतो. दुसऱ्याचें विचारल्यावर देतो. तिसऱ्यासाठीं बहुधा आपणांस स्वतः चार पावलें अधिक चालावें लागतें.

आतां चला. याखिमोवचा रस्ता एखाद्या ओहोळाप्रमाणें घळीच्या तळाशीं सुरू होऊन वर वर चढत जातो. खालचें टोंक नवें, वरचें जुनें. आपण आधीं थेट वरच्या जुन्या चौकांत जाऊं. भोंवतालीं उंच, निमुळत्या छपरांचीं दगडी घरें आहेत. नगरसभागृह आहे, देऊळ आहे, टांकसाळ आहे. तीन हजार वस्तीच्या गांवाला हा थाट शोभत नाहीं, असें पाहणाऱ्याला वाटतें. तो थाट आजच्या गांवाचा नव्हेच. इ. स. १५१६ सालीं येथें चांदीची श्रीमंत शीर सांपडली आणि श्टेफान श्लिक या सरदारानें हें नगर वसविलें. येशू ख्रिस्ताची माता मेरी हिचे वडील संत योआखिम. त्यांच्या नांवावरून या जागेस योआखिम्सटाल म्हणूं लागले. 'टाल' म्हणजे जर्मन भाषेंत दरी. चांदीची वार्ता ऐकून चोहोंकडून खाणकामकरी, व्यापारी, सुतार, लोहार, भटारी यांची रीघ लागली. १५३४ च्या सुमारास येथील वस्ती १८,००० च्या घरांत गेली होती. त्या काळीं बोहेमियाच्या राज्यांत प्राग राजधानीखालोखाल याच गांवाचा क्रम लागे.

चौकांतील टांकसाळीच्या इमारतींत आतां संग्रहालय आहे. श्लिक घराण्यास १५२० सालीं नाणें पाडण्याची अधिकृत मुभा मिळाली. त्यांनीं पाडलेलें नाणें मोठें, जाड, भरघोस होतें. वजन सुमारे अडीच तोळे. एका बाजूस संत योआखिम, दुसऱ्या बाजूस बोहेमियाचा सिंह. असलीं जड रुप्याचीं नाणीं त्यापूर्वीं टिरोल प्रांतांत निघालीं होतीं. पण येथल्याएवढीं विपुल कोठेंच निघालीं नव्हतीं. त्यामुळें लोक त्या नाण्याला योआखिम्सटालर, म्हणजे 'योआखिमच्या दरीचें', असें म्हणूं लागले. आपण पायांतल्या वहाणांना कोल्हापुरी म्हणतों, लुगड्याला पैठणी म्हणतों, आणि बोलतां बोलतां गांव विसरून जातों. तसेंच येथें झालें. लांबलचक नांवाचें पुढचें अंग झडून नुसतें 'टालर' उरलें. हॉलंडांत त्याचें 'डाल्डर' झालें, उत्तरेकडे 'डालर' झालें, इंग्रजांच्या तोंडीं 'डॉलर' झालें. स्पेनच्या मोठ्या रुपेरी नाण्यालाही इंग्रज तेंच नांव देत. तें नाणें अमेरिकेंतील वसाहतींत चालत असे. वसाहती स्वतंत्र झाल्यावर १७८५ सालीं तेथील काँग्रेसनें आपल्या चलनाचें एकक म्हणून डॉलरच ठरविला, आणि १७९२ सालीं त्याचा कायदा केला. 'डॉलर' या शब्दाचा अर्थ असा मुळांत 'दरीवाला' एवढाच आहे.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर मिळालें. आतां दुसरा विचारूं. ती चांदी कोणाकडे गेली? खोल खाण खणणें हा रोख भांडवलाचा खेळ आहे. तें भांडवल दूरच्या शहरांतील सावकारांनीं घातलें आणि नफाही त्यांनींच उचलला. श्टेफान श्लिक १५२६ सालीं मोहाचच्या लढाईंत तुर्कांविरुद्ध लढतांना नाहींसा झाला, आणि दोन वर्षांनीं राजा फर्डिनांड यानें नाणें पाडण्याचा हक्क श्लिकांकडून काढून आपल्याकडे घेतला. चौकांतली टांकसाळीची इमारत त्यानंतरची, राजाच्या अमलांतली आहे. या चांदीच्या वाटेचें एक टोंक आपल्या किनाऱ्यापर्यंतही येतें. त्या काळीं मध्य युरोपांतील चांदी आणि तांबें अँटवर्पच्या पेठेंत जमा होई. पोर्तुगीज व्यापारी तें तेथें विकत घेत आणि मिऱ्यांच्या खरेदीसाठीं जहाजांत भरून हिंदुस्थानाकडे धाडीत. गोवा १५१० पासून त्यांच्या ताब्यांत होतेंच. मलबारच्या मिऱ्यांचा वेल आणि मध्य युरोपांतील खाणकऱ्याची छिन्नी यांची गांठ अशी अँटवर्पांत पडत असे.

तिसरा प्रश्न. खालीं कोण उतरले? त्यांची हत्यारें संग्रहालयांत पाहावयास मिळतात. एका हातांत दांड्याची छिन्नी, दुसऱ्या हातांत हातोडा. नकाशांत खाण दाखविण्यासाठीं दोन हातोडे फुलीसारखे काढतात. ती खूण या मंडळींच्याच हत्यारांची आहे. चरबीच्या दिव्याच्या उजेडांत, दिवसच्या दिवस कठीण खडक टोंचीत, हा माणूस इंचाइंचानें पुढें सरके. सुरुंगाची दारू तेव्हां खाणींत आली नव्हती. खोल गेलें कीं पाणी लागे. तें पाणचक्कीनें नाहींतर घोड्यांनीं फिरविलेल्या रहाटानें उपसावें लागे. १५२५ सालीं जर्मन प्रदेशांत शेतकऱ्यांचें बंड पेटलें असतां येथील खाणकामकऱ्यांनींही उठाव केला होता. चांदीच्या गांवांत राहून चांदी आपली नव्हे, हें त्यांना नगर वसल्यापासून दहा वर्षांच्या आंत उमगलें होतें.

सुदैवानें त्यांच्याकडे पाहणारे दोन विद्वान याच गांवांत झाले. पहिला गेओर्ग बाउअर. बाउअर म्हणजे शेतकरी. त्याचें लॅटिन करून तो आपणांस आग्रिकोला म्हणवी. १५२७ सालीं हा गांवचा वैद्य म्हणून येथें आला. रोग्यांना भेटतां भेटतां तो खाणींतही डोकावूं लागला. दगड कसे ओळखावे, पाणी कसें उपसावें, वारा आंत कसा खेळवावा, धातु कशी गाळावी, हें सारें त्यानें कामकऱ्यांकडून टिपून घेतलें. त्याचा धातुविद्येवरील थोर ग्रंथ 'दे रे मेटालिका' हा त्याच्या मृत्यूनंतर, १५५६ सालीं, बाझेल येथें छापून निघाला. अडीचशेंहून अधिक लाकडी ठशांचीं चित्रें त्यांत आहेत, आणि पुढें दोन शतकें खाणविद्येंत त्याचाच शब्द प्रमाण मानला गेला. १९१२ सालीं त्याचें इंग्रजी भाषांतर झालें तें हर्बर्ट हूव्हर आणि त्यांच्या पत्नी लू हेन्री यांनीं केलें. हेच हूव्हर पुढें अमेरिकेचे अध्यक्ष झाले. पण या यंत्रांच्या ग्रंथांत वैद्याचा डोळा मिटलेला नाहीं. धुळीनें फुफ्फुसें कुजतात हें आग्रिकोला स्पष्ट लिहितो. कार्पेथियन डोंगरांतील खाणींच्या गांवीं सात सात लग्नें केलेल्या स्त्रिया आढळतात, कारण त्यांचे सातही नवरे त्या रोगानें गेले, असें तो नमूद करतो. त्या एका वाक्यांत खाणगांवाचा निम्मा इतिहास आहे.

दुसरा योहानेस माथेसियुस. हा माझ्या धंद्याचा माणूस, म्हणून त्याच्याविषयीं मला अंमळ अधिक जिव्हाळा. १५३२ सालीं हा येथील लॅटिन शाळेचा मुख्य झाला. पुढें धर्मोपदेशक होऊन, मरेपर्यंत, म्हणजे १५६५ पर्यंत, याच गांवीं राहिला. त्यानें आपलीं प्रवचनें खाणकामकऱ्यांच्या बोलींत, त्यांच्याच हत्यारांचे, शिरांचे, भट्ट्यांचे दाखले देऊन केलीं, आणि १५६२ सालीं तीं 'सारेप्टा' या नांवानें छापिलीं. त्याच्या शाळेचा ग्रंथसंग्रह आजही या गांवांत जपून ठेविला आहे. चांदी गेली, सरदार गेले, राजा गेला. त्या शाळेचीं पुस्तकें मात्र गांव सोडून गेलीं नाहींत.

चांदीचें वैभव फार टिकलें नाहीं. वरच्या शिरा संपल्या, खालचें पाणी आवरेनासें झालें, आणि १५४५ सालीं दक्षिण अमेरिकेंत पोतोसीचा डोंगर सांपडून तिकडची स्वस्त चांदी युरोपांत येऊं लागली. पुढें १६१८ ते १६४८ असें तीस वर्षांचें युद्ध या मुलखावरून गेलें. १८७३ सालीं मोठी आग लागून गांवाचा बराच भाग जळाला. गांव म्हणजे एखादी जुनी, रिकामी पेटी होऊन राहिलें. आणि तरीही त्या पेटीचा दुसरा कप्पा अजून उघडावयाचाच होता.

खणतां खणतां चांदीची शीर एकाएकीं आटे आणि तिच्या जागीं काळा, जड, डांबरासारखा चकाकणारा एक दगड लागे. कामकरी त्याला 'पेख-ब्लेंड' म्हणत. 'पेख' या जर्मन शब्दाचा एक अर्थ डांबर आणि दुसरा अर्थ दुर्दैव. तो दगड निघाला म्हणजे चांदीनें पाठ फिरविली असें समजावें. म्हणून तो काढून ढिगाऱ्यावर फेकून देत. १७८९ सालीं बर्लिनचा रसायनशास्त्रज्ञ क्लाप्रोट यानें असल्या दगडांतून एक नवें द्रव्य ओळखलें. आठ वर्षांपूर्वीं सांपडलेल्या युरेनस ग्रहावरून त्यानें त्याला युरेनियम नांव दिलें. त्याचा पहिला उपयोग फारच निरागस होता. १८५० नंतरच्या दशकांत याखिमोवला रंगाचा कारखाना निघाला आणि बोहेमियाची प्रसिद्ध कांच युरेनियमच्या पिवळ्या-हिरव्या झांकेनें शोभूं लागली. रंग काढून घेतल्यावर जो गाळ उरे, तो पुन्हां टाकाऊ म्हणून जवळच्या रानांत टाकीत.

या टाकाऊ गाळानें जग पालटलें. १८९६ सालीं बेकरेल यास युरेनियमचे अदृश्य किरण आढळले होते. पॅरिसमध्यें मारी क्युरी आणि पियेर क्युरी यांस असें दिसून आलें कीं, पिचब्लेंडच्या दगडांतून त्यांतल्या युरेनियमच्या मानानें फारच अधिक किरण निघतात. अर्थात् त्यांत दुसरें कांहीं तरी अधिक तीव्र द्रव्य असलें पाहिजे. १८९८ सालीं त्यांनीं पोलोनियम आणि रेडियम अशा दोन नव्या मूलद्रव्यांची घोषणा केली. पण तीं हातीं धरून दाखवावयाचीं तर मणांनीं दगड हवा, आणि हें दांपत्य पैशानें गरीब. तेव्हां व्हिएन्नाचे भूशास्त्रज्ञ एडुआर्ड झ्यूस यांच्या मध्यस्थीनें याखिमोवचा तो गाळ त्यांना मिळाला. पॅरिसला पोतीं उघडलीं तेव्हां तपकिरी मातींत पाइनच्या झाडाच्या सुया मिसळलेल्या होत्या. रानांतला केरच तो! तो उकळीत, ढवळीत, गाळीत १९०२ सालीं मारीबाईंनीं रेडियमच्या क्षाराचा एक दशांश ग्रॅम वेगळा केला. लॅटिन भाषेंत किरणाला जो शब्द आहे त्यावरून रेडियम हें नांव आलें. दरीचा दुसरा शब्द तो हाच.

आतां दुसरा प्रश्न पुन्हां विचारूं. किरणांचें वैभव कोणाकडे गेलें? कांहीं वाटा या वेळीं गांवालाही मिळाला. खाणींतून निघणाऱ्या पाण्यांत रेडियमपासून उपजणारा रेडॉन वायु विरघळलेला असतो. तें पाणी सांध्यांच्या विकारांवर गुणकारी म्हणून १९०६ सालीं येथें स्नानगृहें सुरू झालीं, आणि १९१२ सालीं 'रेडियम पॅलेस' नांवाचें भव्य हॉटेल उभें राहिलें. घळीच्या खालच्या टोंकाशीं आपण जी नवी वस्ती मागें टाकून आलों, ती हीच. १९२५ सालीं खुद्द मारी क्युरी हें गांव पाहावयास आल्या होत्या. हें पाणी आजही स्वोर्नोस्त नांवाच्या खाणींतून उपसून स्नानासाठीं आणतात, आणि रोगी वैद्याच्या देखरेखीखालीं त्यांत बसतात. स्वोर्नोस्त म्हणजे एकोपा. ही खाण १५१८ ची. तिचा मनोरा देवळाच्या वरच्या अंगास दिसतो.

आणि तिसरा प्रश्न? तोच रेडॉन वायु बंदिस्त बोगद्यांत दाटतो. त्याच्यापासून झालेले कण श्वासाबरोबर आंत जाऊन फुफ्फुसांत ठाण मांडतात. डोंगराच्या पलीकडे, सॅक्सनींतील श्नेबेर्ग येथील खाणकामकऱ्यांना होणारा जुना 'डोंगरी रोग' हा छातींतील घातक गांठींचा आहे, हें १८७९ सालीं हेर्टिंग आणि हेस्से या दोन वैद्यांनीं दाखवून दिलें. १९३२ सालीं पिर्खान आणि शिकल यांनीं याखिमोवच्या खाणकामकऱ्यांतही फुफ्फुसाचा कर्करोग ठळकपणें होतो असें प्रसिद्ध केलें. आग्रिकोलानें चारशें वर्षांपूर्वीं ज्या खोकल्याची नोंद केली, त्याच्या मुळाशीं नुसती धूळ नव्हती. एकाच वायूचें पाणी खालच्या स्नानगृहांत औषध म्हणून मोजून मिळे, आणि वरच्या बोगद्यांत तोच वायु माणसें न मोजतां छातींत भरून घेत. गांवाचीं हीं दोन टोंकें एका रस्त्यानें जोडलेलीं आहेत. फेरी करणारानें तीं मनांतही जोडावीं.

येथवर बहुतेक पाहुण्यांची फेरी संपते. टांकसाळ पाहिली, देऊळ पाहिलें, स्नानगृहांच्या पायऱ्यांवर छायाचित्र काढलें, आणि मंडळी मोटारींत बसली. आमच्या वाटाड्या बाईंनीं मात्र आम्हांस देवळाच्या वर, झाडींत नेलें. तेथून एक पायवाट डोंगरावर चढते. तिचें नांव 'याखिमोवचा नरक'.

१९३८ च्या ऑक्टोबरांत म्यूनिकच्या करारानें हा मुलूख हिटलरच्या हातीं गेला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत बर्लिन येथें हान आणि श्ट्रासमान यांस युरेनियमचा अणु फुटतो असें आढळून आलें. सात वर्षांनीं हिरोशिमावर बाँब पडला. रंगाचा दगड आतां राज्यकर्त्यांच्या नजरेंत भरला. १९४५ च्या नोव्हेंबरांत चेकोस्लोव्हाकिया आणि सोव्हिएट संघ यांच्यांत गुप्त करार होऊन येथील युरेनियम रशियाला द्यावयाचें ठरलें. ज्यांच्या पूर्वजांनीं चारशें वर्षें येथें खणलें, ते जर्मन भाषा बोलणारे रहिवासी महायुद्धानंतर देशाबाहेर काढले गेले. मग खालीं उतरावयाचें कोणीं? प्रथम युद्धकैद्यांना उतरविलें. १९४९ पासून कम्युनिस्ट सरकारनें आपल्याच देशांतील राजकीय कैद्यांना उतरविलें. प्राध्यापक, पाद्री, जमीन सोडावयास नकार देणारे शेतकरी, हिटलरविरुद्ध परदेशांत लढून आलेले सैनिक, अशा लोकांनीं डोंगरावरच्या छावण्या भरून गेल्या. स्वोर्नोस्त, रोव्नोस्त, ब्रात्रस्त्वी, निकोलाय, एलियाश, बार्बोरा अशीं त्यांचीं नांवें. यांतील पहिल्या तिघांचे अर्थ लावले तर एकोपा, समता आणि बंधुता असे होतात. त्या नांवांखालीं काटेरी तारा होत्या.

एका उभ्या चढणीशीं आमच्या वाटाड्या बाई थांबल्या. छावणी वर, खाण खालीं, आणि मध्यें एक उभा जिना होता; नाझींच्या छळछावणीची आठवण म्हणून कैदी त्याला 'माउटहाउझेनचा जिना' म्हणत. कांहीं छावण्यांतून कैद्यांचा जथा एकमेकांस खेटून उभा करीत, सगळ्यांच्या भोंवतीं एकच पोलादी दोर आवळीत, आणि तसाच त्यांना कामावर चालवीत नेत. एक अडखळला कीं सारे कोलमडत. या मिरवणुकीला कैद्यांनीं 'याखिमोवची बस' असें नांव दिलें होतें. १९४७ आणि १९४९ सालीं जगज्जेता ठरलेला चेकोस्लोव्हाकियाचा बर्फावरील हॉकीचा संघ १९५० सालीं पकडला गेला आणि त्यांतल्या खेळाडूंना या युरेनियमच्या खाणी दाखविण्यांत आल्या. गोलरक्षक बोहुमिल मोद्री १९५५ सालीं सुटला, पण १९६३ सालीं, पन्नाशी गांठण्यापूर्वींच, वारला. दरीच्या तोंडाशीं ओस्त्रोव गांवाजवळ विटांचा एक तांबडा मनोरा आहे. तेथें कैदी कसल्याही संरक्षणावांचून खनिज भरडीत, पिंपांत भरीत, आणि तीं पिंपें आगगाडीनें रशियाकडे जात. त्या इमारतीला लोक 'मृत्यूचा तांबडा मनोरा' म्हणतात. छावण्या १९६१ पर्यंत चालल्या. युरेनियमचें खाणकाम १९६४ सालीं थांबलें.

आतां दरीचा तिसरा शब्द सांगतों. तो शब्द म्हणजे 'याखिमोव'. चेक भाषेंत हें आतां केवळ एका गांवाचें नांव राहिलेलें नाहीं. अमक्याचा बाप याखिमोवला होता, एवढें म्हटलें कीं ऐकणाऱ्याला पुढचें सांगावें लागत नाहीं. आपल्याकडे काळें पाणी म्हटलें म्हणजे अंदमान सांगावें लागत नाहीं, तसेंच हें. डॉलर हा शब्द जगभर पसरला, कारण तो घेऊन जाणाऱ्यांच्या थैलींत तो खुळखुळत होता. रेडियम हा शब्द पसरला, कारण प्रयोगशाळांनीं त्याचा गौरव केला. तिसरा शब्द मात्र घरांतल्या घरांत, दबक्या आवाजांत, चाळीस वर्षें बोलला गेला. शब्द किती दूर जातो हें त्याच्या सत्यावर अवलंबून नसतें. तो कोणाच्या तोंडीं आहे यावर असतें.

कोणी म्हणेल, सहलीला गेलेल्या माणसानें एवढें दुःख कशास पाहावें? प्रश्न वाजवी आहे. नुसतें दुःख पाहण्याचीही एक चैन असते, आणि तिच्यापासूनही सावध राहिलें पाहिजे. टांकसाळ टाळून केवळ छावण्या पाहाव्या, असें माझें म्हणणें नाहीं. आग्रिकोलाचा ग्रंथ, माथेसियुसची शाळा, मारी क्युरींचे परिश्रम हीं खरीं वैभवें आहेत आणि त्यांपुढें मान लवविलीच पाहिजे. पण तो वैभवाचा इतिहास आणि तो दुःखाचा इतिहास, असे दोन इतिहास नाहींत. चांदीच्या मोहानें जो बोगदा खोदला गेला, तोच रेडियमच्या कामीं आला, आणि त्याच बोगद्यांत कैदी उतरले. १५१८ ची स्वोर्नोस्त आणि १९५० ची स्वोर्नोस्त ही एकच खाण आहे. युनेस्कोनें २०१९ सालीं या डोंगरांतील खाणींचा मुलूख जागतिक वारशांत घेतला. त्यांत २२ ठिकाणांची गणना केली आहे. याखिमोवचें जुनें नगर त्या यादींत आहे आणि मृत्यूचा तांबडा मनोराही त्याच यादींत आहे. दोन्ही एका यादींत बसविणाऱ्यांनीं इतिहासाशीं इमान राखलें, असें मी समजतों.

आपल्यापैकीं कित्येकांना याखिमोव पाहण्याचा योग येईल, न येईल. पण खाणगांवें जगांत पुष्कळ आहेत, आणि आपल्या देशांतही आहेत. कधीं एखाद्या अशा गांवीं गेलांत, तर वाटाड्याचें बोलणें अदबीनें ऐका. त्यानें सोन्याचा भाव सांगितला, राजाचें नांव सांगितलें, यंत्राची शक्ति सांगितली, म्हणजे त्याचे आभार माना. मग त्याला इतकेंच विचारा, कीं बाबा, सकाळीं जितके खालीं उतरत, तितके संध्याकाळीं वर येत होते काय? त्या प्रश्नापाशीं जो वाटाड्या थबकेल आणि थबकून आपणांस गांवाबाहेरच्या पायवाटेवर घेऊन जाईल, तो खरा इतिहास शिकविणारा समजावा.